वरवंडचा रस्ता आणि नकाशाची तारीख

रस्ता ही एक वस्तु आणि रस्त्याची नोंद ही दुसरी. पहिली पावसानें खचते, पुरानें वाहून जाते, सरकारच्या हुकुमानें रुंद होते. दुसरी कागदावर किंवा यंत्राच्या पडद्यावर राहते, आणि पहिलींत झालेला बदल कोणी येऊन सांगेल तेव्हांच बदलते. ह्या दोहोंमध्यें नेहमींच कांहीं अंतर असतें. मोबाइल फोनवरील नकाशांविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जी तक्रार सर्वत्र ऐकूं येते,—महामार्गाचा आंकडा जुना, वळण चुकीचें, मोडलेला पूल धड दाखविलेला, नवा रस्ता गाळलेला,—ती तक्रार नवी दिसते; परंतु तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न फार जुना आहे. तो प्रश्न असा कीं, आपल्या हातीं असलेली नोंद कोणत्या दिवसाची आहे, हें वाचणारास कळतें कीं नाहीं? हा प्रश्न एका लहानशा गांवाच्या रस्त्यावरून तपासून पाहण्याचा येथें विचार आहे.

तें गांव म्हणजे पुणें जिल्ह्याच्या दौंड तालुक्यांतील वरवंड. पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौफुला आणि पाटस ह्यांच्या दरम्यान तें वसलेलें आहे. शिरूराहून न्हावऱ्यावरून निघून भीमा ओलांडणारा रस्ता चौफुल्यास ह्याच हमरस्त्याला येऊन मिळतो, आणि रेल्वेचा मार्ग गांवाच्या उत्तरेस राहतो. ह्या हमरस्त्याला अनेक वर्षें ‘राष्ट्रीय महामार्ग ९’ म्हणत. पुणें, सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा असा प्रवास करीत तो पूर्व समुद्राच्या कांठीं मच्छलीपट्टणास पोंचे. २०१० सालीं सरकारनें देशांतील सर्व राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्यानें ठरविले, आणि ह्या रस्त्याचा क्रमांक ६५ झाला. रस्ता जागचा हालला नाहीं. वरवंडच्या शिवेंतील मातीचा कणहि इकडचा तिकडे झाला नाहीं. पण त्याची नोंद बदलली. जुना आंकडा मात्र बातम्यांत, दुकानांच्या पाट्यांवर, लोकांच्या तोंडीं व संगणकीय नकाशांत पुढें कित्येक वर्षें वावरत राहिला. ह्या साध्या घटनेचा अर्थ लागण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मोजून काढलेले नकाशे येण्यापूर्वीं ह्या प्रांतांत वाट दाखविण्याचें काम माणसें करीत. अंतर कोसांत सांगत. कोस साधारणपणें दोन मैलांचा धरीत, पण तो सर्वत्र सारखा नव्हता. सरकारी जासूद व हरकारे ह्यांना वाटा पाठ असत. परक्या प्रवाशास मात्र गांवच्या वाटाड्यावर विसंबावें लागे, आणि हें काम बहुतेक गांवीं वतनी महाराकडे असे. तो प्रवाशाला आपल्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचवी. तेथें पुढील गांवचा वाटाड्या त्याला आपल्या हवालीं घेई. शिवेचा तंटा पडला तर साक्षहि त्याचीच काढीत. ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेवलें, त्याच्याच डोक्यांत गांवच्या भूमीचें सर्वांत अचूक ज्ञान होतें, ही आपल्या समाजस्थितीची एक बोचणारी विसंगति होय. ह्या कामाचा मोबदला तुटपुंजा आणि सक्ति पुष्कळ, म्हणूनच डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनासंबंधींचें बिल मांडलें, आणि पुढें १९५८ च्या कायद्यानें तीं वतनें नष्ट झालीं. त्या वेठीचें समर्थन कोणीहि करणार नाहीं. परंतु त्या व्यवस्थेंतील दोन गोष्टी आपल्या विषयास लागू आहेत. वाट सांगणारा त्या वाटेवरून स्वतः चालत असे, म्हणून त्याची माहिती आजची असे. आणि त्याच्या माहितीची मर्यादा कोठें संपते हें शिवेवर उभें राहून दोघांनाहि दिसत असे.

ह्याच रस्त्यावर आजच्या माहितीची आणखी एक नोंद आहे, आणि ती वारकऱ्यांची आहे. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनीं १६८५ सालीं पालखीचा जो सोहळा सुरू केला, त्याच्या मार्गांत वरवंड हें मुक्कामाचें गांव आहे. देहूहून निघालेली पालखी पुणें, लोणी काळभोर, यवत असे मुक्काम करीत येथें येते, आणि मग पाटसावरून रोटीचा घाट चढून उंडवडी व बारामतीकडे वळते. वारकऱ्याच्या दृष्टीनें रस्ता म्हणजे मुक्कामांची यादी. ह्या यादींत आंकडे नाहींत, मैल नाहींत, दिशाहि नाहीं. तरी ती खोटी ठरत नाहीं, कारण दर आषाढांत हजारों पाय ती प्रत्यक्ष चालून तपासून घेतात. ओढ्याला पाणी आलें, पूल खचला, रस्ता उखडला, तर त्याची वार्ता त्याच दिवशीं मागच्या दिंडीपर्यंत पोंचते.

वाटाड्याची जागा कागदानें घेतली ती कंपनी सरकारच्या अमदानींत. १७६७ सालीं बंगालमध्यें जेम्स रेनेल ह्याची सर्व्हेयर-जनरलच्या जागीं नेमणूक झाली, आणि तेंच हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्याचें जन्मवर्ष मानितात. रेनेलनें १७७८ सालीं बंगाल व बिहार येथील रस्त्यांचें वर्णन स्वतंत्र पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. १८०२ सालीं लॅम्टननें मद्रासेजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीच्या मोठ्या सर्व्हेस आरंभ केला. आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर आठ वर्षांनीं, १८२६ सालीं, कॅप्टन जॉन क्लून्स ह्याचें पश्चिम हिंदुस्थानांतील मार्गांचें पुस्तक निघालें. त्यांत मुंबई इलाख्यांतील वाटा टप्प्याटप्प्यानें दिलेल्या आहेत. पुढें सर्व्हे खात्यानें साऱ्या देशाचे चौकोन पाडून त्यांस आंकडे व अक्षरें दिलीं. त्या पद्धतींत वरवंड ४७ जे ह्या चौकोनांत येतें, आणि पुणें शहर त्याच्या शेजारच्या ४७ एफ मध्यें.

सर्व्हेच्या ह्या कागदांची एक संवय विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. नकाशाच्या समासांत सर्व्हे कोणत्या सालीं केला, आवृत्ति कोणती, छपाई केव्हांची, हें छापलेलें असतें. हा कागद जुना असला तरी फसवीत नाहीं. तो आपल्या वाचकास प्रथमच सांगून ठेवतो कीं, मी अमुक सालची गोष्ट सांगत आहें. त्यानंतर काय घडलें तें तुम्ही विचारून घ्या. चाळीस वर्षांपूर्वींचा कागद घेऊन निघालेला प्रवासी नदीपाशीं आल्यावर आपोआपच चार माणसांस विचारतो. समासांतील त्या एका आंकड्यानें नकाशाचा गर्व कमी केलेला असतो, आणि वाचणाऱ्याची सावधगिरी वाढविलेली असते.

नोंद वस्तूच्या मागें किती राहूं शकते ह्याचें एक विलक्षण उदाहरण युरोपांत आहे. रोमन साम्राज्याच्या रस्त्यांचा एक लांबलचक नकाशा मध्ययुगांतील नकलेच्या रूपानें व्हिएन्ना येथें जपून ठेवला आहे. मूळ नकाशा चौथ्या-पांचव्या शतकांतील असावा असें समजतात. त्यांत पाँपेई हें शहर दाखविलें आहे. आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्येंच ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें होतें. कोणा नकलकारानें जुन्या कागदावरून नवा कागद केला, त्यावरून दुसऱ्यानें तिसरा केला, आणि नाहींसें झालेलें शहर शतकानुशतकें पांथस्थांची वाट पाहत उभें राहिलें. नकलेवरून नक्कल करण्याचा हा दोष यंत्रयुगांत गेला असें नाहीं; तो फक्त वेगवान झाला आहे.

आतां आपल्या रस्त्याकडे वळूं. १८५८ ते १८६० ह्या तीन वर्षांत पुण्याहून सोलापुरापर्यंत आगगाडी झाली, आणि लांबच्या प्रवासाचा व मालाचा ओघ रुळांकडे गेला. रस्त्याला पुन्हा महत्त्व आलें तें मोटारीमुळें. बैलगाडीच्या चाकांसाठीं केलेले रस्ते मोटारीखालीं टिकेनात, व त्यांचा खर्च कोणी सोसावा हा वाद निर्माण झाला. त्याच्या चौकशीसाठीं १९२७ सालीं जी कमिटी बसली तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. रस्ते ही केवळ स्थानिक संस्थांची बाब नसून अखिल देशाची आहे, हा विचार तिच्या अहवालानें पुढें आणिला. १९२९ सालीं मध्यवर्ती रस्तेनिधि स्थापन झाला, १९३४ सालीं रस्त्यांच्या अभियंत्यांची इंडियन रोड्स काँग्रेस भरली, आणि १९४३ सालीं नागपुरास सर्व प्रांतांच्या मुख्य अभियंत्यांची जी परिषद झाली तिनें रस्त्यांचे पांच वर्ग पाडले: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे रस्ते, जिल्ह्याचे इतर रस्ते, आणि गांवचे रस्ते. राष्ट्रीय महामार्गांचा कायदा १९५६ सालचा. तो १५ एप्रिल १९५७ पासून अमलांत आला.

हा इतिहास सांगण्याचें प्रयोजन असें कीं, महामार्गाचा क्रमांक ही नुसती खूण नसते. राष्ट्रीय महामार्गावर खड्डा पडला तर जबाबदारी एका खात्याची, राज्यमार्गावर पडला तर दुसऱ्याची, गांवच्या रस्त्यावर पडला तर तिसऱ्याची. क्रमांक म्हणजे तक्रारीचा पत्ता. वर्ग बदललेला रस्ता नकाशांत जुन्याच वर्गानें दाखविला गेला, कीं अर्ज चुकीच्या कचेरींत जातो, आणि तो योग्य कचेरींत पोंचेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. चुकीच्या आंकड्याची ही किंमत प्रवाशापेक्षां रस्त्याकांठच्या रहिवाशाला अधिक द्यावी लागते.

रस्त्यावरील नोंदीचें दुसरें साधन म्हणजे मैलाचा दगड. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैल जाऊन किलोमीटर आले, दगडांवरील आंकडे पुसून नवे लिहिले गेले. पण मराठींत तो अजून मैलाचा दगडच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्यमार्गाचा हिरवा, ही खूण वाहन हांकणाऱ्यांना ठाऊक असते. लोकांच्या बोलण्यांत मात्र ९ हि आला नाहीं आणि ६५ हि आला नाहीं. त्यांनीं त्याला ‘सोलापूर रस्ता’ म्हटलें, आणि शिरूरावरून जाणाऱ्यास ‘नगर रस्ता’. ज्या शिरूरास आसपासचे लोक घोडनदी म्हणतात, तेथें नदी ओलांडली कीं अहमदनगर जिल्हा लागत असे. २०२४ सालापासून त्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. दौंड तालुक्याचा बहुतेक मुलूख जुन्या ग्याझेटियरांत भीमथडी ह्या नांवाखालीं शोधावा लागतो. नांवें अशीं एकावर एक सांचत जातात. बोलणारा माणूस प्रसंग पाहून त्यांतलें योग्य तें उचलतो. यंत्राला प्रसंग कळत नाहीं. त्याला जी नोंद दिली ती तें उच्चारतें.

२०१० च्या नव्या क्रमवारीमागें मात्र एक शिस्त होती. पूर्वींचे आंकडे जसजसे रस्ते जाहीर झाले तसतसे पडले होते. आंकड्यावरून दिशेचा बोध होत नसे. नव्या पद्धतींत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य मार्गांना सम आंकडे दिले, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत नेले. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आंकडे दिले, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत नेले. तीन आंकडी क्रमांक शाखेचा, व त्याचे शेवटचे दोन आंकडे मूळ मार्गाचे. म्हणून ६५ हा विषम आंकडा पाहतांच जाणत्यास समजतें कीं, हा रस्ता आडवा आहे व देशाच्या दक्षिण भागांतला आहे. पाटसाहून बारामती, इंदापूर, अकलूज असा जो नवा पालखीमार्ग काढला, त्याला ९६५ जी म्हणतात. म्हणजे सोलापूर रस्त्याचीच ती शाखा. २०२१ च्या नोव्हेंबरांत त्याचा पायाभरणीसमारंभ झाला. साडेतीनशें वर्षांच्या मुक्कामांच्या यादीला अशा रीतीनें सरकारी आंकडा मिळाला.

पण शिस्त लावतांना जुने आंकडे फेकून दिले नाहींत, ते दुसऱ्या रस्त्यांना दिले. आज ९ हा आंकडा हिसार, रोहतक, दिल्ली, मुरादाबाद असा उत्तरेकडे पिथोरागढच्या डोंगरांत जाणाऱ्या मार्गाचा आहे. मुंबई-पुणें-बंगळूर रस्त्याचा प्रसिद्ध ४ आतां अंदमान बेटांत गेला असून, आपल्या त्या रस्त्याला ४८ म्हणतात. एखादें नांव नुसतें रद्द झालें असतें तर जुन्या नकाशाचा वाचक फार तर गोंधळला असता. तेंच नांव दुसऱ्याला दिल्यामुळें जुना नकाशा धडधडीत दुसरी जागा दाखवूं लागला. वरवंडजवळ अपघात झाला असतां कोणी घाबऱ्या घाबऱ्या ‘महामार्ग नऊ’ असें सांगितलें, तर ऐकणारा जवळचाच असेल तर समजेल. दूरच्या शहरांत बसून यादी पाहणाऱ्यास तो आंकडा भलत्याच प्रांतांत नेईल.

आतां यंत्राच्या नकाशाची घडण पाहूं. त्यांत रस्ता अखंड रेघ नसतो. लहान लहान तुकड्यांची ती सांखळी असते, आणि प्रत्येक तुकड्याशीं त्याचें नांव, क्रमांक, दिशा, रुंदी, बंद कीं चालू, अशी माहिती जोडलेली असते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाण्यास कमींत कमी वेळ लागेल अशी तुकड्यांची माळ यंत्र निवडतें. ह्याचें मूळ गणित डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यानें १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. उपग्रहावरून घेतलेल्या चित्रांत रस्त्याची रेघ दिसते, परंतु तिचा क्रमांक दिसत नाहीं, ती खासगी शेताची वाट आहे कीं सरकारी हें दिसत नाहीं, आणि चित्र काढल्यानंतर आलेला पूर तर मुळींच दिसत नाहीं. वाहतूक किती आहे हें रस्त्यावरील फोनांच्या वेगावरून काढतात. पण जेथें कोणी जातच नाहीं, तेथें रस्ता मोकळा आहे कीं मोडला आहे, हा भेद नुसत्या वेगावरून होत नाहीं.

चौपदरी महामार्गानें ह्यांत आणखी अडचण घातली. मध्यें दुभाजक, दोहों बाजूंस सेवारस्ते, खालून भुयारी वाट किंवा वरून पूल, आणि ठराविक ठिकाणींच चढउतार, अशी त्याची रचना असते. अमेरिकन सरकारनें २ मे २००० रोजीं उपग्रहसंकेतांत मुद्दाम ठेवलेली खोट काढून टाकली, तेव्हांपासून साध्या फोनालाहि आपली जागा उघड्या आकाशाखालीं सुमारें पांच मीटरांच्या आंत समजते. ही मोठीच अचूकता आहे. परंतु महामार्ग आणि त्याचा सेवारस्ता ह्यांत कित्येकदा तेवढेंच अंतर असतें. दुभाजकांतील वाट बंद केली आणि नकाशाला तें कळलें नाहीं, तर नकाशा ‘येथें उजवीकडे वळा’ म्हणत राहतो. नवखा हांकणारा पुढें जाऊन लांबून वळण्याऐवजीं उलट दिशेनें थोडें अंतर जाण्याचा मोह धरतो. महामार्गाकांठच्या गांवांना ह्या मोहाचीं फळें परिचित आहेत.

ह्या चुकांचें हंसण्यावारीं नेण्याजोगें रूप एखाद्या सुकलेल्या ओढ्यांत रुतलेल्या मोटारीचें असतें; परंतु तिचें दुसरेंहि रूप आहे. अकोले तालुक्यांत कोतूळजवळ मुळेवर एक जुना पूल आहे. पिंपळगांव खांड येथें धरण झाल्यावर पाणी सांचलें म्हणजे तो पूल वर्षांतील कांहीं महिने पाण्याखालीं असतो. कोतूळच्या लहान मुलासहि हें माहीत आहे. २०२१ च्या जानेवारींत पुण्याहून निघालेली एक मोटार फोनवरील नकाशाच्या सांगण्यावरून रात्रीं त्याच वाटेनें आली व पाण्यांत गेली. दोघे पोहून बाहेर पडले. एकाचा अंत झाला. तेथें इशाऱ्याचा फलक नव्हता, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें. येथें नकाशांतील पूल काल्पनिक नव्हता. पूल खरोखरच होता. खोटी होती ती एवढीच गोष्ट कीं, तो आज, ह्या महिन्यांत, चालू आहे. चूक जागेची नव्हती, काळाची होती.

उत्तर प्रदेशांत २०२४ च्या नोव्हेंबरांत रामगंगेवरील एका पुलाची अशीच गत झाली. पुराच्या पाण्यानें त्याचा पुढील भाग वाहून गेलेला होता. नकाशावर पूल सलग होता. मोटार नदीच्या पात्रांत कोसळून तिघे दगावले. बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदविला गेला, आणि नकाशा पुरविणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचाहि उल्लेख फिर्यादींत आला. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना संस्थानांत २०१३ सालीं मोडलेल्या एका पुलावरून २०२२ सालीं एका गृहस्थाची मोटार खालीं पडली व ते मृत्यु पावले. त्यांच्या कुटुंबानें पुढच्या वर्षीं नकाशाच्या कंपनीवर दावा लावला. नऊ वर्षें वस्तु मोडलेली आणि नोंद धडधाकट! ह्या तिन्ही ठिकाणीं आसपासच्या लोकांना खरी स्थिति ठाऊक होती. ती नोंदींत शिरली नाहीं.

ह्यावर कोणी असें म्हणेल कीं, कागदी नकाशे काय चुकत नव्हते? चुकत होते, आणि त्यांची दुरुस्ति व्हावयास पिढी जाई. शिवाय ह्या नव्या नकाशांनीं केलेले उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. रात्रीं अपरिचित गांवीं दवाखाना शोधणाऱ्यास, परमुलुखांत माल घेऊन गेलेल्या ट्रकवाल्यास, भाषा न समजणाऱ्या प्रवाशास त्यांनीं जो आधार दिला आहे, तो पूर्वीं राजेरजवाड्यांनाहि मिळत नसे. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ‘यंत्र टाका व माणसाला विचारा’ एवढा उपदेश पुरेसा नाहीं. मध्यरात्रीं महामार्गावर विचारावयाला माणूस तरी कोठें असतो? आमचें म्हणणें निराळें आहे. कागदी नकाशा चुकला तरी आपलें वय सांगत होता. हा नकाशा आपलें वय लपवितो. काल तपासलेला पूल आणि दहा वर्षें कोणी न पाहिलेला पूल हे दोन्ही तो एकाच रंगानें, एकाच आवाजांत, सारख्याच खात्रीनें सांगतो. कोठें भरंवसा ठेवावा आणि कोठें वेग कमी करून कांच खालीं घ्यावी, हें वाचणाऱ्यास ठरवितां येऊं नये, हा त्याचा खरा दोष. चूक क्षम्य आहे. चुकीची शक्यता झांकून ठेवणें क्षम्य नाहीं.

उपाय अशक्य कोटींतले नाहींत. २००४ सालीं इंग्लंडांत निघालेल्या ओपनस्ट्रीटमॅप ह्या सार्वजनिक नकाशांत प्रत्येक रेघेचा इतिहास जपलेला असतो: ती केव्हां काढली, केव्हां बदलली, हें कोणासहि पाहतां येतें. गूगल कंपनीनेंहि सामान्य लोकांनीं नकाशांत भर घालावी म्हणून २००८ सालीं एक स्वतंत्र सोय केली होती. २०१७ सालीं ती बंद करून सूचना घेण्याचें काम मुख्य नकाशांतच मिळविलें. म्हणजे तारीख कंपन्यांच्या दप्तरांत असलीच पाहिजे. ती वाचणाऱ्यापुढें मांडावयाची एवढेंच राहिलें आहे. ज्या पुलाची वा घाटाची माहिती फार दिवसांत तपासली गेली नाहीं, तो फिक्या रंगानें दाखवावा. सर्व्हेच्या कागदानें समासांत जें केलें, तेंच पडद्यावर करावयाचें आहे.

दुसरी जबाबदारी सरकारची. महामार्गाचा क्रमांक बदलला, दुभाजकांतील वाट बंद झाली, पूल पाण्याखालीं गेला, ह्याची वार्ता गॅझेटांत छापून किंवा कचेरीच्या भिंतीवर चिकटवून संपत नाहीं. यंत्रांना वाचतां येईल अशा रीतीनें ती त्याच दिवशीं प्रसिद्ध झाली पाहिजे. २०२१ सालीं सरकारनें नकाशांच्या कामावरील पूर्वींचीं पुष्कळ बंधनें सैल केलीं व देशी कंपन्यांना मोजणीची मोकळीक दिली. मोकळीक दिल्यावर खबर देण्याचें कर्तव्य वाढतें, कमी होत नाहीं. आणि पाण्याखालीं जाणाऱ्या पुलापाशीं सांखळी व फलक लावणें हें तर कोणत्याहि नकाशावर अवलंबून नसलेलें जुनेंच कर्तव्य होय.

तिसरी गोष्ट गांवाची. रस्त्याचें ताजें ज्ञान आजहि गांवांतच असतें. पूर्वीं तें वेठीनें काढून घेतलें जाई, आतां तें कोणी विचारीतच नाहीं. दोन्हीहि स्थिति वाईट. ग्रामपंचायतीनें आपल्या हद्दींतील रस्ते, पूल व वळणें ह्यांची वर्षांतून दोनदां, पावसाळ्याच्या आधीं व नंतर, पाहणी करून तारखेनिशीं नोंद प्रसिद्ध करावी, आणि त्या कामाचें रीतसर वेतन द्यावें. वरवंडच्या हद्दीबाहेर काय आहे हें वरवंडनें सांगूं नये. तें पाटसनें व चौफुल्यानें सांगावें. शिवेपाशीं एकानें दुसऱ्याच्या हवालीं करण्याची जुनी रीति, तींतील अन्याय वगळून, अशी पुन्हा उपयोगीं पडेल.

रस्त्यांचे आंकडे पुढेंहि बदलतील. ६५ चा आणखी कांहीं होईल, चौपदरीचे सहापदरी होतील, नवे पूल येतील, आणि कांहीं वाहूनहि जातील. नोंद वस्तूच्या मागेंच चालणार. तिनें किती मागें राहावें हें आपल्या हातीं आहे, आणि आपण किती मागें आहों हें तिनें सांगावें अशी मागणी करणें तर आपला हक्कच आहे. पालखी दरसाल वरवंडास येते तेव्हां तिच्यापुढें चालणाऱ्याला मागच्या वर्षींची वाट पाठ असते, तरी तो ओढ्यापाशीं थांबून पाण्याचा अदमास घेतो. नकाशा करणारांनीं व नकाशा वाचणारांनीं तेवढें शहाणपण घेतलें तरी पुष्कळ जीव वांचतील.